कलाभवन ते 'लेट अस सी' : यंत्राची भाषा समजावणारे आपले लेखक

महाभारत लिहून घेण्यासाठी व्यासांनी गणपतीला बोलावले, ही कथा आपल्या कानावर लहानपणीच पडते. एकदा लेखणी चालू झाली की ती थांबणार नाही, मध्ये खंड पडता कामा नये, अशी अट गणपतीने घातली. त्यावर व्यासांनीही एक अट घातली : अर्थ समजल्याशिवाय श्लोक लिहायचा नाही. कठीण श्लोक आला की गणपती क्षणभर थांबे आणि तेवढ्यात व्यास पुढचे रचून ठेवत. बुद्धीची देवता म्हणून आपण दरवर्षी बाप्पाची स्थापना करतो. पण तो लेखनिकही आहे, आणि आधी समजून घेऊन मग लिहिणारा लेखनिक आहे, हे आरती-प्रसादाच्या गडबडीत विसरायला होते.

यंदाच्या स्मरणिकेसाठी आम्ही अशाच समजून घेऊन लिहिणाऱ्यांचा इतिहास निवडला आहे. नंदेसरी, रणोली, बाजवा, छाणी या पट्ट्यातल्या मराठी घरांतला पोटमाळा उघडून पाहा. ज्ञानेश्वरीची पोथी असेल, दिवाळी अंकांचा गठ्ठा असेल, आणि त्याखाली मुलाच्या किंवा मुलीच्या कॉलेजच्या दिवसांतले, पाठीचे कव्हर निघालेले एक जाड इंग्रजी पुस्तक असेल. बऱ्याच घरांत ते 'लेट अस सी' असते. लेखक यशवंत कानेटकर, गाव नागपूर. 'सी' ही संगणकाला आज्ञा देण्याची भाषा आहे. ती भारतातल्या असंख्य मुलांना ज्यांनी शिकवली त्या लेखकांत एक मराठी माणूस अगदी पुढच्या रांगेत आहे, याची दखल आपल्या उत्सवांतून फारशी घेतली जात नाही.

मात्र या गोष्टीची सुरुवात नागपुरात होत नाही. ती आपल्या वडोदऱ्यात होते, आणि तीही संगणक जन्माला येण्याच्या कितीतरी आधी.

कलाभवनातला प्रयोग

नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा एक मुलगा १८७५ साली दत्तक येऊन बडोद्याच्या गादीवर बसला. तेच आपले सयाजीराव महाराज. सक्तीचे प्राथमिक शिक्षण, गावोगावची वाचनालये ही त्यांची कामे आपल्याला पाठ आहेत. १८९० साली सुरू झालेल्या कलाभवनाचे नावही आपण जाणतो, कारण दादासाहेब फाळके तिथे शिकले. कलाभवनामागची कल्पना मात्र आपण फारशी आठवत नाही.

ती कल्पना मुख्यत्वे प्रा. त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांची. ते सुरतेचे, बडोदा कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारे. त्यांचे म्हणणे सरळ होते. रंगारी, सुतार, यंत्रावर काम करणारा कारागीर यांना नवे शास्त्र शिकवायचे असेल तर ते त्यांच्या भाषेत शिकवले पाहिजे. आधी इंग्रजी शीक आणि मग रंगाचे रसायन शीक, असे सांगितले तर कारागीर दारातूनच परत जाईल. म्हणून कलाभवनात देशी भाषेतून शिकवण्यावर भर राहिला. रंगकामाच्या धंद्यासाठी गज्जरांनी 'रंगरहस्य' नावाचे त्रैमासिकही काढले.

शिकवायचे म्हटले की पुस्तके हवीत, आणि पुस्तकांसाठी शब्द हवेत. त्यासाठी महाराजांनी ५० हजार रुपये मंजूर केले. त्या काळात ही रक्कम केवढी मोठी होती, ते सांगायला नको. त्यातून 'सयाजी ज्ञानमंजूषा' ही शास्त्रीय व तांत्रिक विषयांवरच्या देशी पुस्तकांची माला उभी राहू लागली. गुजराती प्राध्यापक, मराठी महाराज, आणि पुस्तके गुजराती-मराठी दोन्ही भाषांत! आज आपल्या सोसायट्यांत गणपतीच्या वर्गणीची पावती दोन्ही भाषांत छापली जाते, तशीच ही गोष्ट.

पुढे १८९६च्या सुमारास गज्जर बडोद्याची नोकरी सोडून मुंबईला गेले आणि ज्या वेगाने हे काम सुरू झाले होते तो वेग राहिला नाही. धागा मात्र तुटला नाही. १९०७ साली उभ्या राहिलेल्या अलेंबिक केमिकल वर्क्सच्या मुळाशी गज्जर, कोटिभास्कर आणि अमीन ही तीन नावे आहेत. वडोदऱ्याच्या रासायनिक उद्योगाची परंपरा तिथपासून मोजली जाते. त्याच परंपरेत पुढे खत कारखाना, रिफायनरी, पेट्रोकेमिकल्स आणि आपली नंदेसरी आली. शब्दांचे कामही चालू राहिले. १९३१ साली बडोदे सरकारने 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू' प्रसिद्ध केला. राज्यकारभारातल्या इंग्रजी शब्दांना गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी आणि बंगाली प्रतिशब्द त्यात दिले आहेत. नवी व्यवस्था आली की तिचे शब्द लोकांच्या तोंडी बसवावे लागतात, हे या संस्थानाला कळले होते.

एक नवी भाषा

कलाभवन पुढे महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या अभियांत्रिकी शाखेत सामावले. आजही जुनी मंडळी रिक्षावाल्याला 'कलाभवन' असेच सांगतात. या विद्यापीठातून १९६८ साली एम.ई. होऊन बाहेर पडलेला एक विद्यार्थी अकोला जिल्ह्यातला होता : विजय भटकर. पुढे १९८८ साली पुण्यात 'सी-डॅक' ही संस्था सुरू झाली आणि १९९१ साली तिथे त्यांच्या नेतृत्वाखाली 'परम ८०००' हा महासंगणक तयार झाला. त्या यशाच्या प्रकाशात त्याच संस्थेचे दुसरे काम थोडे झाकले गेले. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले 'जिस्ट' तंत्रज्ञान सी-डॅकने पुढे नेले. त्याचे एक कार्ड साध्या संगणकात बसवले की पडद्यावर देवनागरी उमटे, गुजरातीही उमटे. आपल्या लिपीला यंत्रात जागा मिळाली ती अशी.

लिपी मिळाली, पण यंत्राला काम सांगायचे कसे? त्यासाठी वेगळी भाषा लागते. संगणकाला मुळात फक्त शून्य आणि एक कळतात. माणसाने त्या रूपात आज्ञा लिहायच्या म्हणजे शिक्षाच. म्हणून माणसाला वाचता येईल आणि यंत्राला नेमकी उलगडता येईल, अशा मधल्या भाषा तयार झाल्या. अमेरिकेत बेल लॅबमध्ये डेनिस रिची यांनी १९७२च्या सुमारास बनवलेली 'सी' ही त्यांतली एक. तिच्यावर १९७८ साली ब्रायन कर्निघन आणि रिची यांनी लिहिलेले पुस्तक जगभर प्रमाण मानले गेले. पडद्यावर जगाला नमस्कार करणारा छोटा प्रोग्रॅम लिहून शिक्षणाची सुरुवात करायची, ही प्रथा त्या पुस्तकाने रूढ केली. आपल्याकडे पाटीवर 'श्री' गिरवतात, तसेच हे. पण ते पुस्तक आटोपशीर होते आणि आधीच प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना समोर ठेवून लिहिलेले होते. तालुक्याच्या गावातून आलेल्या, संगणकाला कधी हात न लावलेल्या मुलाला ते दाराबाहेरच उभे करी.

ही अडचण ओळखून भारतात लेखकांची एक फळी उभी राहिली. १९६३ साली आयआयटी कानपूरला 'आयबीएम १६२०' संगणक आला, तेव्हा तिथे शिकवणाऱ्या प्रा. व्ही. राजारामन यांनी फोरट्रान या भाषेवर विद्यार्थ्यांना परवडेल असे पुस्तक लिहिले. अभियंत्यांच्या एका पिढीने त्यावरून धडे गिरवले. पुढे 'सी'चे दिवस आले. तमिळनाडूतले ई. बालगुरुसामी यांचे पुस्तक कॉलेजांत लागले. मुंबईत विजय मुखी यांनी क्लास चालवता चालवता पुस्तके लिहिली. नागपुरातून यशवंत कानेटकर लिहू लागले. हे लेखक एका संस्थेचे नव्हते, एका भाषेचे नव्हते. आपल्याकडच्या विद्यार्थ्याला कुठे ठेच लागते हे पाहून लिहायचे, हे मात्र सगळ्यांत समान होते.

नागपूरचे मास्तर

कानेटकरांनी मुंबईच्या व्हीजेटीआयमधून बी.ई. केले आणि आयआयटी कानपूरमधून एम.टेक. परदेशी जाण्याची वाट त्यांच्यासमोरही मोकळी होती. ते नागपुरात राहिले, शिकवू लागले, आणि शिकवता शिकवता लिहू लागले. दिल्लीच्या बीपीबी प्रकाशनाने ती पुस्तके छापली. 'लेट अस सी'बरोबर केवळ पॉइंटरवरचे पुस्तक आले, डेटा स्ट्रक्चरवरचे आले, नुसत्या प्रश्नांचे आले. पुढे सी++, जावा आणि पायथनवरचीही आली.

त्यांची पद्धत पहिल्याच प्रकरणात दिसते. इंग्रजी शिकताना आधी अक्षरे, मग शब्द, मग वाक्ये, मग परिच्छेद, असे आपण जातो. 'सी'तही तसेच जायचे, असे ते सांगतात : आधी अक्षरे, आकडे आणि चिन्हे, मग त्यांतून बनणारे शब्द, मग आज्ञा, मग अख्खा प्रोग्रॅम. बालभारतीवर वाढलेल्या मुलाला ही वाट लगेच ओळखीची वाटते. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी चुका शोधायला दिलेले प्रोग्रॅम असत आणि 'याचे उत्तर काय येईल' असे प्रश्न असत. आम्हांला वाटते, पुस्तकाची खरी ताकद तिथे होती.

याचे कारण त्या काळात आहे. नव्वदच्या दशकात संगणक घरी नव्हता. क्लासला जायचे तर सयाजीगंज किंवा अलकापुरी गाठायचे. लॅबच्या बाहेर चपला काढायच्या, एसीच्या गारव्यात बसायचे, टर्बो सीचा निळा पडदा समोर, आणि मिळालेला तास संपला की फ्लॉपी पिशवीत घालून परत. बाकीचा सगळा अभ्यास घरी कागदावर. वहीत उभे रकाने पाडायचे, प्रत्येक ओळीनंतर कुठल्या नावात कोणता आकडा राहिला ते पेन्सिलीने लिहायचे आणि यंत्र काय करील ते डोक्यात चालवायचे. संगणकाशिवाय संगणक शिकण्याची ही सोय पुस्तकाने करून दिली.

त्यातल्या चुका कशा असत, ते आपल्या कामाच्या भाषेत सांगतो. 'सी'त बरोबरचे एक चिन्ह लिहिले तर अर्थ होतो, भांड्यात माल भर. दोन चिन्हे जोडून लिहिली तर अर्थ होतो, भांड्यात अमुक एवढाच माल आहे का ते बघ. तपासायच्या जागी चुकून एकच चिन्ह पडले, तर बघायला गेलेला माणूस माल ओतूनच परत येतो. प्लांटवर काम केलेल्या कुणालाही यातला धोका लगेच कळेल.

तसाच तो बदनाम पॉइंटर. जीआयडीसीत एखादा कारखाना कुठे आहे असे विचारले की गेटवरचा माणूस प्लॉट नंबर सांगतो. प्लॉट नंबर म्हणजे कारखाना नव्हे, तो तिथवर नेणारा पत्ता. पॉइंटर स्वतःजवळ माल ठेवत नाही, माल कुठे ठेवला आहे ते ठेवतो. आणि गेटवरच्या वहीच्या कुठल्या पानावर तो प्लॉट नंबर लिहिला आहे, हे ज्याला ठाऊक तो पॉइंटरचा पॉइंटर. पत्ता चुकला की कॉस्टिकचा टँकर भलत्याच फाटकाशी उभा राहतो. प्रोग्रॅममध्ये पत्ता चुकला की भलत्याच जागी काहीतरी लिहिले जाते आणि सगळे काम अडते.

या पुस्तकांबद्दल एक तक्रारही जाणकार करतात, ती लपवण्यात अर्थ नाही. टर्बो सी हे १९८७ सालचे साधन. जग पुढे गेले तरी आपल्या अनेक कॉलेजांत ते पुढची दोन दशके, कुठे त्याहूनही जास्त काळ टिकून राहिले. त्या निळ्या पडद्यावरच्या सवयी, उदाहरणार्थ मुख्य प्रोग्रॅमची सुरुवात 'व्हॉइड मेन' अशी करणे, प्रमाण 'सी'ला धरून नव्हत्या. नोकरीत गेल्यावर मुलांना त्या मोडाव्या लागल्या. पुस्तकांनी पुढच्या आवृत्त्यांत वाट बदलली, परीक्षेचे कागद मात्र सावकाश बदलले. लोकप्रिय पुस्तकाची ही जबाबदारी असतेच : त्यातले बरोबर जितके पसरते तितकीच त्यातली सवयही पसरते. तरीही ज्या मुलांना दार उघडून आत घेणारे दुसरे कुणी नव्हते, त्यांना या पुस्तकांनी आत घेतले, हे खरेच.

मराठीचे नाव कुठे आहे?

आता आम्हांला टोचणारी गोष्ट. कानेटकरांच्या पुस्तकांवर लेखकाचा परिचय छापलेला असतो. कोणकोणत्या भाषांत त्यांची पुस्तके गेली ते त्यात दिलेले असते : हिंदी, गुजराती, जपानी, कोरियन, चिनी. गुजराती आहे, याचा इथे राहणाऱ्या आम्हां मंडळींना आनंदच आहे. पण नागपूरच्या मराठी लेखकाच्या पुस्तकांच्या त्या यादीत मराठी दिसत नाही.

दोष लेखकाला देण्यात अर्थ नाही. अभियांत्रिकीचे शिक्षण इंग्रजीत, परीक्षा इंग्रजीत, नोकरीची मुलाखत इंग्रजीत. मराठी विद्यार्थी अडखळत का होईना इंग्रजी वाचतो, मग प्रकाशक मराठी प्रत कुणासाठी छापणार? मराठीत मागणी नाही म्हणून पुस्तक नाही, आणि पुस्तक नाही म्हणून मागणी नाही. गज्जरांच्या वेळी हे वर्तुळ महाराजांच्या ५० हजारांनी फोडू पाहिले होते.

पुढेही ते फोडण्याचे प्रयत्न झाले. सोलापूरचे अच्युत गोडबोले आयआयटी मुंबईचे केमिकल इंजिनीअर, म्हणजे आपल्या नंदेसरीच्या बिरादरीतले! ते सॉफ्टवेअरमध्ये गेले, ऑपरेटिंग सिस्टिमसारख्या विषयांवर इंग्रजीत पाठ्यपुस्तके लिहिली, आणि मग मराठीकडे वळून 'संगणकयुग', 'किमयागार', 'अर्थात' अशी पुस्तके लिहिली. त्यांच्याबरोबर काही पुस्तके लिहिणारे पुण्याचे अतुल कहाते यांनीही इंग्रजी आणि मराठी दोन्ही बाजू सांभाळल्या. २००१ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाने एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम मराठीतून गावोगाव नेला. पण त्यात संगणक वापरायला शिकवतात, त्याच्या भाषेत लिहायला नाही. आयआयटी मुंबईत प्रा. कन्नन मौद्गल्य, तेही केमिकल इंजिनीअरिंगचेच, यांनी 'स्पोकन ट्युटोरियल' उभे केले. त्यात 'सी'चे छोटे पाठ आहेत : पडद्यावर इंग्रजी, कानावर मराठी किंवा गुजराती. कलाभवनातल्या गुरुजींनी यंत्रावरची इंग्रजी पाटी दाखवत मराठीत समजावून द्यावे, तसेच.

२०२१ साली तंत्रशिक्षण परिषदेने मराठी आणि गुजरातीसह अनेक भारतीय भाषांतून अभियांत्रिकी शिकवायला परवानगी दिली. म्हणजे मराठीतून संगणक शिकणारा विद्यार्थी आता कागदावर तरी अस्तित्वात आहे. त्याच्या हातात द्यायचे मराठी पुस्तक कोण लिहिणार, हा प्रश्न १८९० साली कलाभवनात विचारला गेला होता. तोच पुन्हा दाराशी आला आहे.

आपण काय लिहिणार?

हा सगळा इतिहास स्मरणिकेत मांडण्याचे आमचे कारण थोडे घरगुती आहे. वडोदऱ्यात आपल्या दोन-तीन पिढ्या गेल्या. मुले घरी मराठी बोलतात, शाळेत इंग्रजी किंवा गुजराती शिकतात, आणि काही जण पुण्या-बंगळुरात बसून यंत्राच्या भाषेत लिहितात. त्यांना चार भाषा येतात. त्यांतली लिहिण्यासाठी कुणी फारशी न वापरलेली एकच, ती मराठी. आजी विचारते, "तू दिवसभर करतोस तरी काय रे?" त्यावर नातवाला मराठीत दोन धड वाक्ये सापडत नाहीत. आजीला बुद्धी कमी म्हणून नव्हे. त्या विषयावर मराठीत बोलायची सवयच कुणी लावली नाही म्हणून.

दुसरीकडे आपल्यातले जुने ऑपरेटर, फिटर, केमिस्ट एकेक करून निवृत्त होत आहेत. रिॲक्टरचा नुसता आवाज ऐकून बिघाड ओळखणारी माणसे आपण पाहिली. पॅनेलवरचे कागदी रेकॉर्डर जाऊन संगणकाचे पडदे आले, तो बदल त्यांनी रात्रपाळीत जागून अंगी बाणवला. त्यांचे शहाणपण शिफ्टच्या वहीत अर्ध्या वाक्यांत पडून आहे आणि वहीबरोबर रद्दीत जाते आहे. कानेटकर काय किंवा गज्जर काय, त्यांनी वेगळे काय केले? वर्गात रोज जे सांगावे लागते ते नीट लावून कागदावर उतरवले, इतकेच. पण त्या 'इतकेच' मुळे नागपुरातल्या एका वर्गातली शिकवणूक जपानी आणि चिनी भाषेपर्यंत पोहोचली.

म्हणून पुढच्या वर्षीच्या स्मरणिकेसाठी आमची सर्व सभासदांना विनंती आहे. संगणकावर काम करणाऱ्या मुला-मुलींनी आपल्या कामातली एक गोष्ट एका पानात मराठीत समजावून द्यावी. आजीला कळली तर ती छापायला योग्य, एवढीच कसोटी. देवनागरी लिहिणे जड जात असेल त्यांनी तोंडी सांगावे, लिहून घ्यायला आम्ही बसू. निवृत्त मंडळींनी आपल्या यंत्राची एक खोड आणि त्यावरचा उपाय लिहावा. शब्द अडले तर इंग्रजी शब्द देवनागरीत लिहावा, गुजराती शब्द आला तरी चालेल. ज्ञानमंजूषेतही दोन्ही भाषा एकाच पेटीत होत्या.

समजल्याशिवाय लिहायचे नाही, ही व्यासांची अट बाप्पाने पाळली. आपल्यातल्या कितीतरी जणांची ती अट केव्हाच पुरी झाली आहे. आता फक्त लेखणी उचलायची राहिली आहे.

गणपती बाप्पा मोरया!